व्हॅक्स/व्हीएमएस : अपग्रेडच्या मधोमध [सिसएफ] मधून बूट का करायचं, आणि तो परतीचा मार्ग का नाही

शून्यापासून

नमस्कार मंडळी.

सिम-एच एम्युलेटरवर (जुन्या संगणकाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) डिजिटल कंपनीचं मायक्रोव्हॅक्स ३९०० उभं केलंय. व्हॅक्स ही त्या कंपनीची जुनी यंत्रं, व्हीएमएस ही त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम. व्हीएमएस ५ च्या मालिकेतली एक जुनी आवृत्ती त्यावर छान चालतेय आणि आता त्याच मालिकेतल्या पुढच्या आवृत्तीवर जायचंय. अपग्रेडची पुस्तिका वाचायला घेतली आणि एका जागी अडलो. काम निम्म्यावर आलं की यंत्र बंद होणार. मग नेहमीसारखं बूट करायचं नाही, तर कन्सोलच्या (यंत्राला थेट आज्ञा द्यायच्या टर्मिनलच्या) >>> पुढे हे द्यायचं :

बी/आर५:एफ००००००० डीयूए०

(आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, यंत्राला त्या रोमनमध्येच लागतात.)

डिस्क तीच, डीयूए०. मग शेवटच्या त्या ‘एफ’ ने नेमकं काय बदलतं? दुसरं म्हणजे, खबरदारी म्हणून मी [सिस०] ची नक्कल करून [सिसए] नावाची डिरेक्टरी बनवून ठेवली आहे. त्यातून बूट होतंय, तपासून पाहिलंय. अपग्रेड बिघडलं तर आर५ मध्ये ‘ए’ देऊन जुन्या सिस्टिमवर परत येता येईल, असा माझा हिशोब आहे. बरोबर आहे का?

कन्सोलवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो. दुसऱ्याचं थोडक्यात : हिशोब चुकीचा आहे, अपग्रेड आत्ता सुरू करू नका. कारण खाली येईलच.

बूट होताना व्हीएमबी नावाचा प्राथमिक बूट प्रोग्रॅम आधी मेमरीत येतो. कन्सोल त्याला आर० ते आर५ या रजिस्टरांतून (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागांतून) माहिती देतं : उपकरण कुठलं, युनिट कितवं, वगैरे. आर५ मध्ये असतात ते सॉफ्टवेअरचे बूट फ्लॅग. ३२ बिटांपैकी सगळ्यात वरचे चार, म्हणजे २८ ते ३१, हा सिस्टिम रूटचा आकडा, म्हणजे डिस्कवरच्या कुठल्या मुख्य डिरेक्टरीतून सिस्टिम चालवायची तो. चार बिट म्हणजे ० ते एफ, सोळा शक्यता. शून्य असेल तर व्हीएमबी [सिस०.सिसएक्सई] मध्ये सिसबूट.ईएक्सई शोधतं, ई असेल तर [सिसई.सिसएक्सई] मध्ये, एफ असेल तर [सिसएफ.सिसएक्सई] मध्ये. तिथे नसेल तर त्याच रूटखालच्या सिसकॉमन या सामाईक डिरेक्टरीत बघतं. पुढे सिसबूट कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चढवतं आणि अख्खी सिस्टिम त्या रूटला आपलं घर मानते.

खालच्या टोकाला ० क्रमांकाचा बिट असतो, संवादी बूटचा. बी/आर५:१ दिलं की सिसबूट> असा प्रॉम्प्ट येतो आणि पॅरामीटर हातानं बदलता येतात. दोन्ही एकत्रही चालतात : एफ०००००१ असं नाही हं, आठ अंक पूर्ण हवेत, एफ००००००१. एक शून्य कमी पडलं की एफ भलत्याच बिटांवर जाऊन बसतो. इथे बरेच जण घसरतात.

बूट झाल्यावर आपण कुठे आहोत हे डोळ्यांनी बघून घ्या. शो लॉजिकल सिस$सिसरूट द्या (लॉजिकल म्हणजे डिस्कवरच्या जागेला दिलेलं टोपणनाव). उत्तरात डीयूए०:[सिसएफ.] दिसायला हवं. सिस$टॉपसिस या लॉजिकलमध्ये नुसतं रूटचं नाव मिळतं.

रातपाळी

जुनी आठवण जागी केलीत. मायक्रोव्हॅक्सवर ही एक ओळ टंकली की झालं. व्हॅक्स-११/७८० वर एवढं सोपं नव्हतं. त्या यंत्राचं कन्सोल म्हणजे आतमध्ये बसवलेला एक वेगळा एलएसआय-११ संगणक, आणि त्याची स्वतःची आठ इंची फ्लॉपी. बूटच्या आज्ञा त्या फ्लॉपीवर कमांड फाइलींत लिहिलेल्या असायच्या : हे रजिस्टर अमुक करा, ते तमुक करा, व्हीएमबी चढवा, सुरू करा. दुसऱ्या रूटवरून बूट करायचं तर त्या फाइलीतली आर५ ची ओळ बदलावी लागे. एक्स्चेंज युटिलिटीनं फाइल डिस्कवर आणायची, एडिट करायची, परत फ्लॉपीवर लिहायची. आणि हे अपग्रेडला हात घालण्याआधी, कारण मधल्या अवस्थेत ही सोय हाताशी असेलच असं नाही.

११/७५० वर फ्लॉपीऐवजी टीयू५८ ची छोटी कॅसेट होती. तिचा वेग आठवला की अजूनही जीव कासावीस होतो.

आमच्या कारखान्यात अपग्रेड रात्रीच चालायचं, दिवसा उत्पादनाच्या नोंदी थांबवता येत नसत. वीज कधीही जायची. त्यामुळे वरिष्ठांचा एक नियम होता आणि तो मी आजही कुणालाही सांगेन : अपग्रेड चालू असताना कन्सोलचा कागद फाडायचा नाही. एलए१२० प्रिंटर-टर्मिनल हेच कन्सोल, त्यामुळे यंत्रानं काय सांगितलं आणि आपण काय टंकलं ते सगळं कागदावर उमटलेलं. वीज परत आली की पहिला प्रश्न हाच असतो, की आता शून्यावरून बूट करायचं की एफ वरून? काम कुठल्या टप्प्यावर तुटलं त्यावर ते ठरतं, आणि टप्पा कळतो तो कागदावरच्या शेवटच्या ओळींतून. अंदाजानं शून्य दिलं आणि [सिस०] मध्ये तेव्हा अर्ध्या फाइली जुन्या, अर्ध्या नव्या असल्या, की संपलं.

शून्यापासून

माझ्याकडे कागद कुठला :) टर्मिनलच्या खिडकीत वर सरकवून बघावं लागेल.

रातपाळी

सिम-एचच्या प्रॉम्प्टवर ‘सेट कन्सोल लॉग=’ आणि फाइलीचं नाव द्या. कन्सोलवरचं सगळं त्या फाइलीत जाईल. तोच तुमचा कागद.

मेनार्डकर

बोस्टनच्या बाजूला अनेक वर्षं काढली. मेनार्डमधली लोकरीची जुनी गिरणी, जिथे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं मुख्यालय होतं, ती जाता-येता दिसायची. व्हीएमएसवर काम होई ते मात्र तिथून उत्तरेला, न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआला. या विषयावर कुणी मराठीत एवढं बारकाईनं लिहितंय हे बघून फार बरं वाटलं.

‘का’ हा प्रश्न अजून कुणी घेतला नाही, म्हणून मी घेतो. चालू सिस्टिमवरच नव्या फाइली टाकून शेवटी एकदाच बूट का नाही करायचं?

पहिलं कारण जागेचं. आरडी५३ ही मायक्रोव्हॅक्सची डिस्क ७१ मेगाबाइटची, आरडी५४ होती १५९ ची. त्यात वापरणाऱ्यांच्या फाइलीही आल्या. जुनी आणि नवी अशा दोन पूर्ण सिस्टिम शेजारी-शेजारी ठेवायला जागाच नसे. म्हणून अपग्रेडची प्रोसीजर जुन्या फाइली काढत आणि नव्या बसवत पुढे जाते. व्हीएमएसमध्ये प्रत्येक फाइलीला आवृत्ती क्रमांक असतो, अर्धविरामापुढे १, २, ३ असा. त्यामुळे नवख्याला वाटतं की जुनी फाइल मागे राहिलीच असेल. अपग्रेडमध्ये ती राहत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चालू कर्नल आणि डिस्कवरचे प्रोग्रॅम यांची जोडी जुळलेली असते. कर्नलच्या आतल्या पत्त्यांशी बांधलेले जे प्रोग्रॅम असतात, ते नव्या आवृत्तीचे आणून जुन्या कर्नलवर चालवले तर सिसव्हर्डिफ ही चूक येते : सिस्टिमची आवृत्ती जुळत नाही, पुन्हा लिंक करा. आता अपग्रेडची पंचाईत बघा. पुढचे टप्पे नव्या हत्यारांनी करायचे आहेत, ती हत्यारं नव्या कर्नलवरच चालणार, आणि नवा कर्नल तर अजून नीट बसलेलाच नाही. म्हणून प्रोसीजर आधी [सिसएफ] मध्ये नव्या आवृत्तीची एक छोटी, पोटापुरती सिस्टिम उभी करते. त्यातून बूट केलं की कर्नल नवा, हत्यारं नवी, आणि [सिस०] मधली एकही फाइल चालू सिस्टिमच्या ताब्यात नाही. आता तिथे हवं ते बदला. काम झालं की [सिस०] मधून बूट आणि [सिसएफ] पुसून टाका.

नवा पूल बांधताना शेजारून कच्चा रस्ता काढतात, तसं हे. वाहतूक काही दिवस त्यावरून जाते. पण जुना पूल पाडायला घेतलेला असतो, हे विसरायचं नाही.

कन्सोलवाला

मेनार्डकर, फार नेमकं मांडलंत. आता शून्यापासून यांच्या [सिसए] कडे वळतो. धाग्यातला धोक्याचा भाग हाच आहे.

सिस$सिसरूट हे एका डिरेक्टरीचं नाव नाही, ती शोधयादी आहे. आधी सिस$स्पेसिफिक, म्हणजे [सिस०.], आणि तिथे फाइल नसेल तर सिस$कॉमन, म्हणजे [सिस०.सिसकॉमन.]. स्पेसिफिकमध्ये त्या यंत्रापुरतं थोडंसंच असतं : पॅरामीटरची फाइल, पेजफाइल, काही स्टार्टअप फाइली. बाकी सगळी सिस्टिम कॉमनमध्ये.

आणि [सिस०] मधली ती सिसकॉमन.डीआयआर ही खरी वेगळी डिरेक्टरी नसते. डिस्कच्या मुळाशी [व्हीएमएस$कॉमन] आहे, तिलाच दिलेलं दुसरं नाव आहे ते. तुम्ही [सिसए] बनवलीत तेव्हा बहुधा सेट फाइल/एंटर वापरून त्यातही सिसकॉमन जोडलं असणार. न जोडता ती बूट झालीच नसती.

म्हणजे [सिस०] आणि [सिसए] या दोघांचं पोट एकच. अपग्रेड कॉमन बदलणार. त्यानंतर [सिसए] मधून बूट केलंत तर मिळणार काय? पॅरामीटर जुने, आणि कर्नलसकट बाकी सगळं नवं. मधेच तुटलं असेल तर अर्धवट नवं. जुनी सिस्टिम त्या डिस्कवर कुठेच उरलेली नसेल.

वेगळा रूट उपयोगी नाही असं मी म्हणत नाही. स्टार्टअप फाइलींत बदल करून बघायचेत, पॅरामीटरचे प्रयोग करायचेत, तर [सिसए] उत्तम. अपग्रेडमधून मागे फिरायला मात्र तिचा काडीचाही उपयोग नाही.

आणखी एक, हे ठळक अक्षरांत वाचा. [सिसए] काढून टाकायची असेल तर डिलीट [सिसए...]*.*;* कधीही देऊ नका. तीन टिंबांमुळे डिलीट सिसकॉमनमधून खाली उतरतं आणि खऱ्या [व्हीएमएस$कॉमन] मधल्या फाइली पुसत सुटतं. आधी सेट फाइल/रिमूव्ह [सिसए]सिसकॉमन.डीआयआर;१ देऊन फक्त ते दुसरं नाव काढा. मग डिरेक्टरी [सिसए...] देऊन खाली काय उरलंय ते वाचा. ते वाचल्यावरच डिलीट.

शून्यापासून

बाप रे. [सिसए] अपग्रेडनंतर पुसायची हे ठरवलेलंच होतं, आणि तुम्ही लिहिलीय त्याच आज्ञेनं. धन्यवाद, मनापासून.

मग परतीचा खरा मार्ग कुठला?

कन्सोलवाला

[सिसई].

ही दुसरी राखीव जागा. त्यात बसतं स्टँडअलोन बॅकअप. सिस$अपडेट मधली स्टॅबॅकइट प्रोसीजर चालवली की ती [सिसई] मध्ये एक चिमुकली सिस्टिम तयार करते. बॅकअप सोडून तिला काहीही येत नाही. यंत्र नीट शटडाउन करून बी/आर५:ई००००००० डीयूए० द्या. तारीख-वेळ विचारेल, उपकरणांची यादी दाखवेल, मग $ येईल. तिथून बॅकअप/इमेज/व्हेरिफाय करून पूर्ण सिस्टिम डिस्क टेपवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या.

चालू सिस्टिममधून इमेज बॅकअप घेतला तर कितीतरी फाइली कुणीतरी उघडलेल्या असतात, आणि त्या क्षणाची प्रत एकसंध येत नाही. स्टँडअलोनमध्ये त्या डिस्कला दुसरं कुणी हात लावत नसतं. अपग्रेडआधी ही प्रत नसेल तर अपग्रेड करायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रातपाळी

याला पूर्ण अनुमोदन. टीके५० च्या एका टेपवर ९५ मेगाबाइट मावायचे, म्हणजे भरलेल्या आरडी५४ ला दोन टेपा. आणि [सिसई] नसेल तर स्टँडअलोन बॅकअप टेपवरूनच बूट करावं लागे. ती वाट पाहणं ज्यानं अनुभवलंय तो [सिसई] कधीच पुसणार नाही.

चौकटीबाहेर

मला या वादात पडायचं नाही, पण एक साधा मुद्दा. तुमचं यंत्र एम्युलेटरवर आहे ना? मग डिस्क म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरची एक फाइल. सिम-एच बंद करा, फाइल कॉपी करा, झाला बॅकअप. [सिसई], टेप, स्टँडअलोन, हा सगळा खटाटोप कशाला?

कन्सोलवाला

मुद्दा बरोबर आहे, आणि शून्यापासून यांनी तेही नक्की करावं. फक्त व्हीएमएस नीट शटडाउन झाल्यावरच. यंत्र चालू असताना फाइल कॉपी केली तर चालू सिस्टिमच्या बॅकअपमधला दोष इथेही लागू होतो.

पण [सिसई] शिकून घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं. अजूनही कुठल्यातरी प्रयोगशाळेत, कारखान्यात एखादं खरं व्हॅक्स एखादं यंत्र चालवत उभं असतं. व्हॅक्सचं उत्पादन २००० साली थांबलं. त्या यंत्रापुढे ज्याला बसावं लागेल त्याच्याजवळ कॉपी करायला फाइल नसेल, फक्त >>> असेल.

मेनार्डकर

मी दोघांच्याही बाजूचा. फाइल कॉपी करा आणि [सिसई]चाही सराव करा.

खिडकी_क्र_४

तांत्रिक भाग निम्माच कळला, पण व्हीएमएसचं नाव वाचून थांबले. रेल्वेत आरक्षणाच्या कामात नोकरी झाली. १९८५ साली नवी दिल्लीत सीएमसी या संगणक कंपनीनं बनवलेली ‘इम्प्रेस’ ही संगणकीय आरक्षणाची व्यवस्था सुरू झाली ती व्हॅक्सवर. पुढे क्रिस या रेल्वेच्याच संगणक संस्थेनं ‘कॉन्सर्ट’ आणली, १९९४ मध्ये सिकंदराबादला पहिल्यांदा, तीही व्हीएमएसवरच. नंतर दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एकमेकांशी जोडली गेली. खिडकीवर बसणाऱ्याला फक्त पडदा दिसतो. आत कुणीतरी असे आकडे टंकत रात्री जागवत असणार, हे आज पहिल्यांदा नीट समजलं. वाचतेय, लिहीत राहा.

कन्सोलवाला

ताई, आवर्जून लिहिलंत, आभार. अशा ठिकाणी एकत्र जोडून चालणाऱ्या अनेक यंत्रांचं क्लस्टर असतं, तेव्हा त्याबद्दलही दोन शब्द लिहून ठेवतो.

क्लस्टरमध्ये एकाच सिस्टिम डिस्कवरून अनेक यंत्रं बूट होतात, प्रत्येकाचा रूट वेगळा : एकाचा [सिस०], दुसऱ्याचा [सिस१]. डिस्कला थेट जोडलेल्या यंत्रांना [सिसडी] पर्यंतचे रूट देता येतात, ई स्टँडअलोन बॅकअपसाठी आणि एफ अपग्रेडसाठी सोडलेला असतो. नेटवर्कवरून बूट होणाऱ्या सॅटेलाइटांचे रूट [सिस१०] पासून पुढे. त्यांना आर५ मधल्या चार बिटांची मर्यादा नाही, कारण रूट त्यांना नेटवर्कवरून कळवला जातो.

कॉमन एकच असल्यामुळे त्या डिस्कवरची सगळी यंत्रं अपग्रेडच्या काळात बंद ठेवावी लागतात. एकेक करून अपग्रेड करायचं तर सिस्टिम डिस्का वेगळ्या हव्यात. आणि [सिसएफ] मधून एकटं बूट करताना यंत्र कोरमची (क्लस्टर चालायला लागणाऱ्या किमान मतांची) वाट बघत लटकलं, तर क्लस्टरमध्ये सामील व्हायचं की नाही हे ठरवणारा व्हॅक्सक्लस्टर पॅरामीटर घाईनं ० करण्याआधी बाकीची यंत्रं खरोखर बंद आहेत ना, हे स्वतः जाऊन बघा. एकमेकांची दखल न घेणाऱ्या दोन सिस्टिमांनी एकच डिस्क लिहायला घेतली तर ती डिस्क वाचवता येत नाही.

नवशिकी

वाचनखूण साठवली. एक शंका : पासवर्ड विसरला असेल तर वेगळ्या रूटमधून बूट करून सुटका होते का?

कन्सोलवाला

रूट बदलायची गरजच नाही. संवादी बूट करा. सिसबूट> पुढे सेट यूएएफआल्टरनेट १, मग कंटिन्यू. वापरकर्त्यांची पर्यायी फाइल नसेल तर कन्सोलवरून लॉगिन मिळतं. काम झालं की पॅरामीटर परत ० करायला विसरू नका. स्वतःच्या यंत्रावरच, हे वेगळं सांगायला नको.

शून्यापासून

अपग्रेड पूर्ण झालं! नोंद ठेवतोय, कुणाला तरी लागेल.

आधी शटडाउन करून डिस्कची फाइल कॉपी केली. मग [सिसई] मधून बूट करून दुसऱ्या एम्युलेटेड डिस्कवर स्टँडअलोन बॅकअप घेतला. [सिसए] सांगितल्याप्रमाणे आधी नाव काढून, मग पुसली. मधल्या बूटला कन्सोलवर हे आलं :

>>>बी/आर५:एफ००००००० डीयूए०
(बूट/आर५:एफ००००००० डीयूए०)
२..
-डीयूए०
१..०..

त्या ०.. नंतर काही क्षण पडदा नुसता थांबतो. मग नव्या आवृत्तीचं नाव आलं, तेव्हा पहिल्यांदा पटलं की आपण [सिस०] मध्ये नाही. लॉजिकल तपासलं, [सिसएफ.] बरोबर दिसलं.

पण शेवटी एक अडचण. सगळं झाल्यावर यंत्र आपोआप बूट होईना. हातानं बी डीयूए० दिलं तरी होत नाही. बी/आर५:० डीयूए० दिलं की मात्र व्यवस्थित होतं.

रातपाळी

मधे कधी सेट बीफ्लॅग एफ००००००० दिलं होतंत का? पुस्तिकेत आपोआप रीबूटसाठी तसा काही उल्लेख असेल तर.

शून्यापासून

हो! दरवेळी टंकायला नको म्हणून दिलं होतं.

रातपाळी

मग तेच. आज्ञेत आर५ दिला नाही की कन्सोल साठवलेला फ्लॅग वापरतं. त्यात अजून एफ आहे आणि [सिसएफ] तर प्रोसीजरनं पुसून टाकलेली. >>> पुढे सेट बीफ्लॅग ० द्या, मग शो बीफ्लॅग देऊन खात्री करा. सिम-एचमध्ये एनव्हीआरची (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीची) फाइल जोडलेली असेल तर हे मूल्य तिच्यातच साठतं, म्हणून एम्युलेटर बंद करून चालू केला तरी जात नाही.

शून्यापासून

झालं. आपोआप बूट होतंय, शो लॉजिकलमध्ये [सिस०.] आहे. एनव्हीआरची फाइल जोडलेलीच होती.